हाकेचा मानकरी

“पण तुम्ही बघितलंतच कुठं, वस्ताद?”

रणधीर चौगले तालमीच्या दारात उभा राहून विचारत होता. चपला पायातच होत्या. तालमीत कुणी चपला घालून पाऊल टाकत नाही, पण त्या सकाळी त्याला तेवढं भान नव्हतं.

आत हिंदुराव वस्ताद गोलची जाळी मांडीवर पसरून बसले होते. फायनलला फाटलेली. एका हातात नायलॉनची दोरी, दुसऱ्या हातात वीतभर सुई.

“चपला काढ,” वस्ताद म्हणाले.

त्यानं काढल्या.

“बस.”

“बसायला नाही आलो.”

“मग उभ्यानं विचार.”

पण एकदा मोडलेला राग पुन्हा तसाच चढवता येत नाही. गुळाच्या बाजारात वाढलेल्या रणधीरला हे ठाऊक असायला हवं होतं. त्याच्या चुलत्याचं तिथं अडतीचं दुकान. ज्याला आपल्या ढेपेची खात्री असते तो शेतकरी सौद्यात गप्प उभा राहतो. आवाज चढवतो तो दुसराच. चुलता हे रोज सांगायचा. रणधीर रोज हो म्हणायचा.

झालं होतं ते असं.

कोल्हापुरात एकेक पेठ म्हणजे एकेक तालीम, आणि तालीम म्हटली की आता कुस्तीपेक्षा फुटबॉल जास्त. चिंचबाग तालीम त्यातलीच. दर वर्षी मोसम संपला की चिंचबाग आपल्यातल्या एकाला ‘वर्षाचा मानकरी’ करते. बाहेरच्या स्पर्धांत मोटारसायकल मिळते, टीव्ही मिळतो. इथं मिळतो एक फेटा, आणि तालमीच्या भिंतीवर एक फोटो. एका माणसाला हा मान जन्मात एकदाच. म्हणूनच पोरं मोटारसायकल विकतात, पण फेटा पेटीत घालून ठेवतात.

मानकरी कोण, ते वस्ताद ठरवतात. कुणाला विचारत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. मोसम संपला की एके दिवशी खडू घेतात आणि फळ्यावर नाव लिहितात.

काल संध्याकाळी त्यांनी लिहिलं, ‘तौफिक मुजावर’.

“एकोणीस गोल,” रणधीर म्हणाला. “अख्ख्या कोल्हापुरात यंदा कुणाचे आहेत एवढे?”

“कुणाचेच न्हाईत.”

“तौफ्याचे किती?”

“दोन.”

“त्यातला एक त्याच्या पाठीला लागून गेला.”

“पाठीलाच लागला. मी ऐकलं.”

“ऐकलंत...” रणधीर हसला. चांगलं हसू नव्हतं ते. “तेच म्हणतोय मी. सगळी पेठ म्हणते, तोंडावर म्हणत नाही एवढंच. जो माणूस मॅचकडं पाठ करून बसतो, त्यानं खेळाडू निवडायचा?”

आता हे पाठ करून बसण्याचं सांगायला हवं, नाहीतर नवख्या माणसाला वाटेल रणधीरचं डोकं फिरलं.

बारा वर्षांमागं चिंचबाग ओळीनं तीन फायनल हरली. तिसऱ्या फायनलला वस्ताद लघवीला म्हणून उठले, आणि तेवढ्या पाच मिनिटांत चिंचबागनं दोन गोल घातले. वस्ताद परत येऊन बसले, आणि चिंचबागवर तीन गोल झाले. पेठेनं हिशेब केला. बरं, पेठेचा हिशेब एकदा झाला की देव आला तरी पुसत नाही.

पुढच्या मोसमाआधी चार जाणती माणसं नारळ घेऊन वस्तादांच्या घरी गेली. अर्धा तास पावसापाण्याचं बोलली. मग त्यातला एक खाली बघत म्हणाला, “वस्ताद, राग मानू नका... पण तुम्ही बघितलं की आपण हरतो.”

वस्ताद म्हणाले, “एवढंच न्हवं? मी रंकाळ्यावर जाऊन बसतो.”

“छे छे. तुम्ही ग्राउंडवर पायजेच. फक्त तेवढं तोंड...”

कोपऱ्याच्या झेंड्यामागं एक लोखंडी खुर्ची ठेवली गेली. पाठ मैदानाकडं, तोंड गॅलरीच्या भिंतीकडं. त्या वर्षी चिंचबाग जिंकली. ती खुर्ची फिरवली म्हणून जिंकली, की त्याच वर्षी काही नवी चांगली पोरं संघात आली म्हणून, हे कोण सांगणार? पेठेनं श्रेय खुर्चीला दिलं. माणसाला श्रेय दिलं की तो पुढच्या वर्षी मानानं वागवा म्हणतो. खुर्चीची काही मागणी नसते.

तेव्हापासून अकरा मोसम वस्ताद भिंतीकडं बघत बसत होते. आणि तेव्हापासून अकरा मानकरी त्यांनीच निवडले होते.

“तुझी आई मडकं कसं घेते रं?” वस्तादांनी विचारलं.

“काय संबंध?”

“कसं घेते?”

“...वाजवून.”

“रंग बघत न्हाई?”

रणधीर उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून खाली बसला. बसताना उजवा पाय लांब ठेवावा लागला. ते वस्तादांनी पाहिलं, पण त्यावर काही म्हटलं नाही. सुई जाळीतून वर आली, खाली गेली.

“पहिल्या वर्षी लई वाईट वाटलं,” वस्ताद म्हणाले. “चौदाव्या वर्षापासनं मैदानात हाय मी. गोली होतो. आणि म्हातारपणी मला भिंत दाखवली. दोन मॅच नुसता बसून राहिलो. गॅलरी ओरडायची, ते ऐकायचं. गॅलरी म्हणजे उसाचा चरक रं. ऊस गोड असो, पाणचट असो, आवाज तोच.”

“मग?”

“मग तिसऱ्या मॅचला त्या आवाजाच्या खालचं ऐकू यायला लागलं.”

“खालचं म्हणजे?”

“तुमचं. मैदानातल्या अकरा माणसांचं.” वस्तादांनी दोरी दातानं तोडली. “गड्या, माणूस मोकळा असला की काय वाट्टेल ते बोलतोय. अडकला की खोटं बोलायला त्याला येळ नसतो.”

रणधीर ऐकत होता. न ऐकल्यासारखं तोंड करून.

“फायनल,” वस्ताद म्हणाले. “दुसरा हाफ. माझ्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात उत्तरवेस तालमीच्या तिघांनी तुला कोंडलं. बरोबर?”

“बरोबर.” रणधीरचा चेहरा थोडा उजळला. त्या गोलची आठवण कुणीही काढली तरी तो उजळायचा. “दोघं पुढनं, एक मागनं. जागा नव्हती.”

“मग काय केलंस?”

“बॉल काढला.”

“कसा?”

“तौफ्याला दिला. परत घेतला. आणि हाणला. ही जाळी त्यातच फाटली, वस्ताद.”

“ते झालं. त्याच्या आधी?”

“आधी काही नाही.”

“आधी काय ओरडलास?”

रणधीरची नजर वस्तादांच्या मांडीवरच्या जाळीवर गेली.

“सेमीफायनल,” वस्ताद म्हणाले. “चिखलात घसरलास, बॉल पायाखाली, वरनं दोघं आले. काय ओरडलास?”

“...तेच.”

“जानेवारीतली पहिली मॅच. लाइनीवर अडकून गॅलरीच्या शिव्या खात होतास. काय ओरडलास?”

बाहेर रस्त्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल गेली. तिचा आवाज पेठ ओलांडून पार संपला.

“तौफ्या,” रणधीर म्हणाला. अगदी हळू. जणू पहिल्यांदाच तो शब्द तोंडात घेतला होता.

“न्हाई, असं न्हाई म्हणायचास. मोठ्यानं म्हणायचास. भिंतीवर आपटून माझ्याकडं यायचा आवाज.”

“ते... सवयीनं तोंडात येतं वस्ताद.”

“तेच म्हणतोय मी.”

“तेवढ्यावर मान दिलात त्याला?”

“मी दिला?” वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली. “चिंचबागचा सगळ्यात चांगला गडी कोण? तूच. शंकाच न्हाई. कोल्हापुरातला म्हण हवं तर. आणि त्या सगळ्यात चांगल्या गड्याला मरायची पाळी आली की तो कुणाचं नाव घेतो, तेवढंच मी ऐकत बसलो. यंदा नाव मी दिलं न्हाई धीऱ्या. तू दिलंस. पाच-सहा हजार माणसांसमोर, कोकलून. मी नुसता खडू चालवला.”

रणधीरनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. घाम नव्हता आलेला, तरी पुसलं.

हरलेला माणूस दोन प्रकारचा असतो. एकाला आपण हरलो हे कळल्यावर संताप येतो, आणि दुसऱ्याला बरं वाटतं, जसं बाजारात दिवसभर ताणून धरलेला भाव शेवटी सोडून दिल्यावर वाटतं तसं. रणधीर कुठला, हे त्याचं त्यालाच त्या घडीला कळत नव्हतं. पण एक गोष्ट त्याच्या आत अडकली होती, आणि ती आता बाहेर आली.

“गुडघा गेलाय माझा, वस्ताद.”

सुई चालूच राहिली.

“डॉक्टर म्हणाला, संपलं. हा शेवटचा मोसम. घरात फक्त बायकोला सांगितलंय. पुढच्या वर्षी माझं नाव निघेल म्हणून थांबायला पुढचं वर्षच नाही. ह्या भिंतीखाली मी लहानपणी झोपलोय. सगळ्या मानकऱ्यांची नावं मला ओळीनं पाठ आहेत. वाटलं होतं, निदान एवढं तरी...”



“मला ठाऊक होतं,” वस्ताद म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? खुर्चीमागनं पळत जायचास की. एप्रिलपासनं डावा पाय जड पडायला लागला, उजवा नुसता टेकायचा. आणि तरी पळायचास.” ते थांबले. “त्या आवाजावर मी कितीदा मनात म्हटलं, आता थांब रं लेका. थांबला न्हाईस. चिंचबागनं तुझं लई खाल्लंय धीऱ्या. ते मी इसरलेलो न्हाई.”

इतक्या वर्षांत वस्ताद त्याच्याशी इतकं गोड कधी बोलले नव्हते. रणधीरला रडू येईल असं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच दारात कुणीतरी चपला काढल्या.

तौफिक होता. शिरोलीच्या फौंड्रीतली पाळी संपवून थेट आलेला. कोपरापर्यंत काळा, आणि त्या काळ्या हातात एक नारळ. फळ्यावर नाव लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मानकऱ्यानं तालमीतल्या मारुतीला नारळ वाढवायचा, अशी चिंचबागची रीत. मानकरी मुजावरांचा असो, नाहीतर जंगमांचा. मारुतीनं आजवर तक्रार केलेली नाही.

पण तौफिक मारुतीकडं गेला नाही. रणधीरला बघून दारातच घुटमळला.

“दादा पण हाय होय... बरं झालं. वस्ताद, एक काम होतं.”

“बोल.”

“फळ्यावरचं पुसा.”

“का रं?”

“फौंड्रीत सगळे हसायलेत. दोन गोलवाला मानकरी म्हणून. त्यातला एक पाठीचा.” तो स्वतःही हसला. “हसू देत, त्याचं काही नाही. पण दादाचं नाव टाका वस्ताद. दादाचा गुडघा...” तो एकदम थांबला.

“तुला कुणी सांगितलं गुडघ्याचं?” रणधीर म्हणाला.

“सांगायला कशाला पायजे? फेब्रुवारीपासनं मी तुला बॉल डाव्या पायावरच देतोय की. कळलं नाही तुला?”

रणधीरला कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं, डाव्या पायाचा आपला खेळ यंदा फारच सुधारला. मित्रांना तसं त्यानं सांगितलंही होतं, दोन-तीनदा.

तो भिंतीचा आधार घेऊन उठला. लंगडत तौफिकपाशी गेला, आणि त्याच्या हातातला नारळ उगीचच फिरवून बघितला. शेंडी आहे का, पाणी आहे का.

“नाव पुसायचं नाही,” तो म्हणाला.

“दादा...”

“गप. वस्तादांनी नाही, मी दिलंय तुझं नाव. त्यांना विचार.”

तौफिकनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद जाळीत बघत होते.

“आणि उद्या फेटा मी बांधणार तुला,” रणधीर म्हणाला. “लांब-रुंद कपाळ आहे तुझं. नीट बसेपर्यंत हलायचं नाही.”

“आता ह्यात माझं कपाळ कुठनं आलं?”

“तौफ्या... अकरा वर्षांत मी तुझे आभार कधी मानलेत काय रे?”

“दादा, गोल झाला की मिठी मारायचास की.”

“ती मी गॅलरीसाठी मारायचो. तू मध्ये असायचास एवढंच.”

तौफिक हसला. मग रणधीर हसला नाही हे बघून तोही थांबला. काळा हात विजारीला पुसावा की नाही, ह्या विचारात उभा राहिला.

“एक सांग,” रणधीर म्हणाला. “मी हाक मारली की तू तिथं कसा असायचास? दर वेळी?”

“हाकेवर कुठं येतो मी? हाक यायच्या आधीच निघालेलो असतो. तुझ्या खांद्यावरनं कळतं, आता हा घुसणार आणि अडकणार. मग तू ओरडलास की बरं वाटायचं. म्हटलं, बरोबर निघालो.”

“आणि तू अडकलास तर?”

“मी?”

“तू कुणाला हाक मारायचास?”

“तौफिक हाक मारत न्हाई,” जाळीवरची नजर न काढता वस्ताद म्हणाले. “अकरा वर्षांत एकदाबी न्हाई. मी वाट बघून दमलो. म्हटलं, ह्याला कुणाची गरजच पडत नसंल.”

तौफिक गोंधळला. काहीतरी चोरून ठेवलेलं सापडावं तसा.

“तसं नाही वस्ताद. गरज कशी नाही पडणार... दोन-दोन जण अंगावर असायचे की. पण ओरडायला कशाला पायजे? मान वर केली की दादा दिसायचा. लांब असला तरी. त्याला बॉल देता यायचा नाही कधी कधी, मध्ये सगळे उभे... तरी नुसता दिसला की पाय सुटायचे माझे. वाटायचं, तो हाय न्हवं, मग बघू काय ते.” त्यानं खांदे उडवले. “दर मॅचला असंच. त्यात सांगण्यासारखं काय होतं?”



रणधीरनं नारळ दोन्ही हातांत धरला होता. भिंतीवर जागा मिळावी म्हणून तो सकाळी भांडायला आला होता. आता त्याला कुणी विचारलं असतं, बाबा रे, तुला काय पाहिजे होतं, तर त्याला आठवून सांगावं लागलं असतं. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता. त्यानं ते तसेच राहू दिले.

“वस्ताद,” तो म्हणाला, “मग नारळाला मी पण हात लावू का...”

वस्तादांची सुई थांबलेली होती. कधी थांबली कुणास ठाऊक. जाळी मांडीवरून घसरून जमिनीवर आली होती, आणि म्हातारा एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. नव्यानं भरती झालेल्या पोरांकडं बघावं तसा.

“वस्ताद, काय झालं?” तौफिकनं विचारलं. “चुकलं काय आमचं?”

“न्हाई...”

वस्तादांनी हात वर केला.

“जरा गप बसा दोघं. ही हाक मला कधी ऐकू आली नव्हती.”